‘किती टक्के तोतरेपणा आहे?’ : आकडा कसा काढतात आणि तो अपुरा का पडतो

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की साधारण पंधरा दिवसांनी माझ्याकडे फोन यायला लागतात. नव्या वर्गशिक्षिकेने आईला बोलावून घेतलेलं असतं, ‘घरी लक्षात आलं नाही का तुमच्या?’ असं विचारलेलं असतं, आणि आईला रात्रभर झोप लागलेली नसते. मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. मराठीत वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणतात, पण तो शब्द पाटीवरच राहतो. पहिली तपासणी संपली की बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात : ‘मॅडम, किती टक्के आहे?’

प्रश्न वावगा नाही. आपण सगळे टक्क्यांतच वाढलोय. शिवाय तोतरेपणाचे टक्के खरंच काढता येतात, मीही काढते. पण नुसत्या त्या आकड्यावर निर्णय घेतला तर दोन माणसांवर अन्याय होतो. एक, जे मूल वयाप्रमाणे अडखळतंय त्याला उगाच उपचाराला बसवलं जातं. दुसरा अन्याय जास्त वाईट : ज्याचं आयुष्य तोतरेपणाने कुरतडलंय अशा माणसाला ‘सौम्य आहे, काळजी करू नका’ असं सांगून परत पाठवलं जातं. म्हणून तपासणीत काय मोजतात, काय विचारतात आणि का विचारतात, हे सविस्तर सांगते.

## बोबडं वेगळं, तोतरं वेगळं

आधी हा गोंधळ मिटवू. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारं मूल बोबडं बोलतं. त्याला तो आवाज अजून जमत नाही. तोतरं बोलणाऱ्याला आवाज जमतो, शब्द माहीत असतो, वाक्य डोक्यात तयार असतं, आणि तरीही ऐन वेळी तो शब्द बाहेर पडत नाही.

हे अडकणं तीन प्रकारे दिसतं. आवाज पुन्हा पुन्हा येतो : ‘प-प-पाणी’. आवाज ताणला जातो : ‘स्सससकाळी’. किंवा आवाजच बंद होतो. या तिसऱ्या प्रकारात ‘प’साठी ओठ मिटलेले असतात, गळ्याची शीर दिसते, पण काहीच ऐकू येत नाही. हा तिसरा प्रकार पालकांच्या नजरेतून सर्रास सुटतो. ‘तो विचार करून बोलतो हो,’ असं मला सांगितलं जातं. तो विचार करत नसतो, बंद दारावर खांदा लावून उभा असतो.

आता दुसरी बाजू. दोन ते पाच वर्षांची मुलं अडखळतातच. ‘आई ना, आई ना, मी ना, आज शाळेत… आज डब्यात…’ हे ऐकून घाबरू नये. वाक्य मोठं, दम छोटा, आणि सांगायचं खूप. सबंध शब्द किंवा शब्दसमूह परत येणं, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ असं मध्ये घालणं, वाक्य अर्धं सोडून नवं धरणं हे भाषा शिकण्याचाच भाग आहे. मोठेही तेच करतात. फरक एवढाच लक्षात ठेवा : शब्द शोधताना थांबणं वेगळं आणि शब्द सापडल्यावर अडकणं वेगळं. पहिलं सगळ्यांचं होतं. दुसऱ्याला तोतरेपणा म्हणतात.

## मग अडकतं कुठे?

गणपतीच्या आधी महिनाभर नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तो ऐकला असेल. ताशावाला ठेका देतो आणि त्यावर पन्नास ढोल एका क्षणी पडतात. आता कल्पना करा, एका ढोलवाल्याला ताशा नीट ऐकू येत नाहीये. हात तयार आहे, ठोका पाठ आहे, ताकदही आहे, पण ‘आता’ कधी ते कळत नाही. तो टिपरू उचलून थांबतो, किंवा घाईने तीनदा मारतो.

बोलताना मेंदू जीभ, ओठ, गळा आणि श्वास यांना असाच ठेका देत असतो, शब्दागणिक. संशोधकांना आज दिसतं ते असं की तोतरं बोलणाऱ्यांच्या मेंदूत बोलण्याचं नियोजन आणि हालचाल जोडणाऱ्या, विशेषतः डाव्या बाजूच्या जाळ्यात थोडा फरक असतो. आतला ठेका कधी मिळतो, कधी निसटतो. घराण्याचा वाटाही मोठा. २०१० मध्ये पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी निगडित जनुकं पहिल्यांदा हाती लागली. ती सगळ्यांना लागू होत नाहीत, पण ‘लाडाने बिघडला’ किंवा ‘सासूबाई ओरडतात म्हणून झालं’ या निदानांना तिथे जागा उरत नाही.

भीतीचं काय? भीतीने अडखळणं वाढतं, हे खरं. पण भीती हे मूळ नव्हे. आपल्या भाषेने मात्र हा निकाल कधीच लावून टाकलाय. खोटं पकडलं गेलं की ‘त्याची त-त-प-प झाली’ असं आपण म्हणतो. एका वाक्प्रचारात आपण अडखळणं, घाबरणं आणि लबाडी तिन्ही एकत्र बांधून ठेवलंय. जो मुलगा आपलं नाव सांगताना अडकतो, त्याच्याकडे वर्ग त्याच नजरेने बघतो.

## स्कूटरचा आवाज गॅरेजमध्ये येत नाही

पुण्यात प्रत्येकाने हे भोगलंय. गाडी आठवडाभर खडखडते, आणि मेकॅनिकपुढे उभी केली की सुतासारखी चालते. तोतरेपणा अगदी तसाच आहे.

मागच्या वर्षी एक आई साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो माझ्याशी वीस मिनिटं डायनोसॉरबद्दल बोलला आणि एकदाही अडला नाही. आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आता मॅडम म्हणणार, तुम्हीच उगाच काळजी करता. मग तिने मोबाईल काढला. आदल्या रात्रीचा व्हिडिओ. जेवणाच्या ताटापुढे तो ‘म-म-म-म-मला’ म्हणत होता, डोळे घट्ट मिटून, आणि शेवटी ‘जाऊ दे’ म्हणून त्याने ताट बाजूला सारलं.

अडखळणं दिवसागणिक, माणसागणिक, जागेगणिक बदलतं. कुत्र्याशी बोलताना नाही, आजोबांशी थोडं, फोनवर जास्त. काही मुलांचे दोन आठवडे अगदी स्वच्छ जातात, मग लाट येते. त्यामुळे एका खोलीतली, एका दिवसाची तपासणी ही तपासणी नव्हे. मी किमान दोन-तीन प्रसंगांचं बोलणं मागते : घरी खेळतानाचं, माझ्याशी गप्पांचं, थोड्या मोठ्या मुलाचं वाचनाचंही. मोठ्या माणसाला समोर बसून एक खरा फोन करायला सांगते, दुकानाला किंवा रेल्वेच्या चौकशीला. घरचे व्हिडिओ आणाच, आणि मुलाला ‘आता अडखळून दाखव’ न सांगता, नकळत काढलेले आणा.

## टक्के निघतात तरी कसे

मी रेकॉर्डिंग ऐकून त्यातली अक्षरं मोजते, बोललेली अक्षरं, लिहिलेली नव्हे. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, पण उच्चारताना एकच झटका. ‘मला पाणी दे’ म्हणजे म-ला-पा-णी-दे, पाच. मूल ‘म-म-मला प…पाणी दे’ म्हणालं तरी अक्षरं पाचच धरायची आणि अडकण्याच्या जागा दोन. ‘म’ तीनदा आला म्हणून तीन धरत नाहीत. अशा एकूण अडकण्यांना एकूण अक्षरांनी भागलं की टक्के मिळतात.

आता याच वाक्यावर थांबलं तर हिशेब होतो चाळीस टक्के! म्हणूनच काही शे अक्षरांचा नमुना घ्यावा लागतो. आणि मराठी कान लागतो. ‘हळूहळू’, ‘लाल लाल’, ‘बडबड’ ही आपल्या भाषेची द्विरुक्ती आहे, तोतरेपणा नाही. बहुतेक प्रमाणित चाचण्या इंग्रजी बोलणाऱ्यांवर बेतलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा लावल्या तर ही गफलत सहज होते.

सर्वसाधारण संकेत असा की १०० अक्षरांत तोतरेपणाच्या जातीचं अडकणं ३ किंवा त्याहून जास्त वेळा दिसलं तर ते वयाच्या अडखळण्यापलीकडे गेलंय असं समजतात. पण तीव्रता ठरवताना फक्त संख्या पुरत नाही. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तीव्रता-चाचणीत आणखी दोन गोष्टींना गुण असतात : सर्वांत लांब तीन अडकणी किती सेकंदांची होती, आणि अडकताना शरीर काय करत होतं. डोळे मिटणं, जबडा कापणं, मान झटकणं, पाय आपटणं, मांडीवर थाप मारणं. यांतल्या कितीतरी गोष्टी त्या माणसाने एकदा सुटकेसाठी केलेल्या असतात. एकदा पाय आपटला आणि शब्द सुटला. मग पाय आपटणं चिकटतं, आणि शब्द पुन्हा अडायला लागतो.

सेकंदांचं महत्त्व कळायचं असेल तर एक करून बघा. कुणीतरी तुमचं नाव विचारलंय असं समजा आणि घड्याळात बघत चार सेकंद गप्प राहा. समोरचा माणूस तेवढ्यात तुमच्याकडे निरखून बघतो, एक ओशाळं हसू हसतो आणि तुमचं वाक्य स्वतः पूर्ण करायला लागतो. तुमच्या ‘सौम्य’ टक्क्यांत असे चार सेकंद दिवसातून दहा वेळा बसू शकतात.

## लहान मुलात खरा प्रश्न : सुटेल की राहील?

‘थांबा, मोठा झाला की सुटेल.’ हे आज्जी म्हणते, शेजारीण म्हणते, कधी डॉक्टरही म्हणतात. आणि आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. साधारण १०० पैकी ५ मुलं लहानपणी कधी ना कधी तोतरी बोलतात, आणि मोठ्यांत हे प्रमाण सुमारे १०० पैकी १ उरतं. म्हणजे पाचांतल्या जवळपास चौघांचं सुटतं, बऱ्याचदा उपचारांशिवाय.

अडचण अशी की पाचवं मूल कोणतं, हे पहिल्या महिन्यात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाच्या तपासणीत मी ‘किती’पेक्षा ‘पाचव्याच्या खुणा दिसतात का’ हे शोधते. मुलगा आहे की मुलगी? मुलींचं सुटण्याचं प्रमाण जास्त. मोठेपणी एका बाईमागे चार पुरुष तोतरे बोलताना दिसतात. सुरुवात कधी झाली? साडेतीननंतर सुरू झालेलं जास्त चिकट असतं. किती दिवस झाले? सहा महिने ते वर्ष उलटूनही ओसरत नसेल, उलट वाढत असेल, तर वाट बघू नये. उच्चारांतही अडचण आहे का? आणि घरात कुणाचं राहिलंय का?

हा शेवटचा प्रश्न विचारला की खोलीत शांतता पसरते. वडील म्हणतात, आमच्याकडे नाही. आई म्हणते, आमच्याकडेही नाही. निघताना दाराशी आज्जी हळूच सांगते, ‘धाकट्या मामाचं होतं, पण आम्ही लग्नाच्या वेळी कुणाला बोललो नाही.’ ही माहिती दाराशी नको, खुर्चीवर बसून हवी. मामाचं तोतरेपण सुटलं की राहिलं, यावरूनही भाच्याचा अंदाज थोडा बदलतो : घरातल्यांचं सुटलेलं असेल तर त्याचंही सुटण्याची शक्यता वाढते.

आणि मुलाला विचारायचं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी १२ साध्या ‘हो-नाही’ प्रश्नांची एक चाचणी आहे : बोलायला सोपं वाटतं का, अशा धर्तीची. पालकांना वाटतं, एवढ्याशा जिवाला काय कळतंय. कळतं. एका चार वर्षांच्या मुलीला मी हातातल्या बाहुलीचं नाव विचारलं. तिने तोंड उघडलं, थांबली, आणि बाहुली आईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, ‘तू सांग.’ तिचे टक्के कमी होते. माझ्या दृष्टीने तिचे उपचार त्या दोन शब्दांपासून सुरू झाले.

## ‘तपासायला नेलं तर त्याच्या डोक्यात भरेल’

या भीतीला इतिहास आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अनाथाश्रमातल्या मुलांवर एक प्रयोग झाला. व्यवस्थित बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुम्ही तोतरे व्हायला लागला आहात, जपून बोला. ती मुलं मिटली, बोलायला लाजू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. या विचारसरणीतूनच ‘तोतरेपणाचा उच्चारही करू नका’ हा सल्ला जगभर पसरला.

पण त्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा असं दिसलं की त्या टोकण्यातून खरा तोतरेपणा जन्माला आला असं म्हणायला आधार नाही. मुलांचं नुकसान झालं ते सततच्या चुका काढण्याने. शांतपणे नाव घेणं आणि टोकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिडनीतल्या लिडकोम्बमध्ये बांधलेल्या उपचारपद्धतीत तर आई-वडीलच रोज मुलाशी त्याच्या बोलण्याबद्दल प्रेमाने, मोजकं बोलतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधल्या चाचणीत ५४ मुलांपैकी ज्यांना हा उपचार मिळाला, त्यांचं अडकणं नऊ महिन्यांनी उरलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं. याच पद्धतीत पालक रोज रात्री दिवसभराच्या बोलण्याला एक गुण देतात, वहीत मांडतात. म्हणजे रोजचं मोजमाप घरातच होतं.

मुलाला ठाऊक असतंच. घरात सगळे त्या विषयावर गप्प राहिले की त्याला एवढंच कळतं, की हे इतकं वाईट आहे की आईसुद्धा बोलत नाही. ‘आत्ता तो शब्द जरा अडकला ना? मी ऐकतेय, सावकाश होऊ दे,’ इतकं पुरतं. ‘नीट बोल’, ‘श्वास घे आणि पुन्हा म्हण’ हे मात्र बंद करा.

## इंग्रजी माध्यमामुळे झालं का?

नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली पार्किंगमध्ये हिंदी, ही पुण्यातल्या मुलांची रोजची तारांबळ आहे. पण दोन-तीन भाषांमुळे तोतरेपणा होतो असा पुरावा नाही. तपासणी मात्र सगळ्या भाषांत करावी लागते. अडकणं मराठीतही दिसलं तर तो तोतरेपणा असण्याची शक्यता. फक्त इंग्रजीत, तेही शब्द शोधताना, तर त्या मुलाला इंग्रजीच अजून पुरेशी येत नाही. अशा मुलाला तोतरं ठरवणं चूक आहे.

## ‘आरती म्हणताना अडत नाही, मग नाटक करतो का?’

ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. त्यांत तोतरं बोलणाऱ्याही असणार, आणि त्यांच्या तोंडून एकही अक्षर अडणार नाही. मघाचा ढोलवाला आठवा. आतला ताशा ऐकू येत नव्हता. इथे हजार ताशे बाहेरून वाजताहेत. सामूहिक पठण, गाणं, ठेक्यावर म्हणणं यांत तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, हे जगभर दिसलेलं आहे. उलट, तपासणी करताना आम्ही मुद्दाम सोबत वाचून बघतो. सोबत वाचताना अडकणं विरघळलं, की तोतरेपणाच्या निदानाला बळच मिळतं.

स्वतःचं नाव सांगताना तर सर्वांत जास्त अडतं. नावाला पर्यायी शब्द नसतो.

## मोठ्यांची तपासणी : पद्मावतीचं तिकीट

मोठ्या माणसाला पहिला प्रश्न एकच : कधीपासून? लहानपणापासून असेल तर पुढे बोलू. तिशी-चाळिशीत अचानक सुरू झालं असेल तर माझ्याकडे नंतर या, आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. पक्षाघात, डोक्याला मार, काही औषधं यांमुळे बोलणं अडखळू शकतं, आणि तिथे उशीर महागात पडतो. आणखी एक वेगळं काढायचं असतं ते क्लटरिंग. यात माणूस इतक्या वेगाने, अक्षरं गिळत बोलतो की ऐकणाऱ्याला कळत नाही, पण त्याचं त्याला भान नसतं. तोतरं बोलणाऱ्याला मात्र भानच भान असतं.

एक तिशीतला तरुण माझ्याकडे आला. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून सांगते. हिंजवडीत नोकरी, हुशार, शांत. तासभर बोलला. मी मोजलं : दोन टक्क्यांहून कमी. लांब अडकणं एकही नाही, शरीराची हालचाल नाही. कागदावर ‘अतिसौम्य’. त्याच्या घरच्यांना तर हा तोतरा बोलतो हेच मान्य नव्हतं.

मी विचारलं, ‘इथे कसे आलात?’ त्याने सांगितलं ते असं. तो पद्मावतीला राहतो. स्वारगेटहून बसने जातो. गेली सात वर्षं तो कात्रजचं तिकीट काढतो आणि मध्ये पद्मावतीला उतरतो. कारण ‘प’ अडतो आणि ‘क’ अडत नाही. कंडक्टर समोर उभा, मागे गर्दी, हातात पैसे, आणि ओठ मिटलेले, हे त्याने कॉलेजात एकदा अनुभवलं होतं. त्यानंतर पद्मावती हा शब्द त्याने कुणाही अनोळखी माणसापुढे उच्चारला नव्हता. मग बाकीचं निघत गेलं. प्रमोशनच्या मुलाखतीला तो गेलाच नाही, कारण तिथे प्रोजेक्टचं नाव सांगावं लागलं असतं. एका मुलीला नाही म्हणाला, कारण साखरपुड्यात उखाणा घ्यावा लागेल. वाक्य सुरू करायच्या आत तो पुढचे पाच शब्द चाचपतो, अवघड शब्द दिसला की वळसा घेतो. दिवसभर. संध्याकाळी त्याचं डोकं दुखतं.

तोतरेपणाला हिमनगाची उपमा फार पूर्वी जोसेफ शीहान या अमेरिकन तज्ज्ञाने दिली, जे स्वतःही तोतरं बोलत. पाण्यावर दिसतं ते अडकणं. खाली लाज, टाळाटाळ, सोडून दिलेल्या गोष्टी. माझे टक्के फक्त पाण्यावरचं मोजत होते.

खालचं मोजायला प्रश्नावल्या आहेत. मोठ्यांसाठीची एक सर्वमान्य प्रश्नावली १०० प्रश्नांची आहे : तुम्हाला तोतरेपणाबद्दल काय माहीत आहे, तुमच्या मनात काय उमटतं, रोजच्या कुठल्या प्रसंगी बोलणं जड जातं, आणि आयुष्यावर त्याचा भार किती. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. ती भरायला या तरुणाला पाऊण तास लागला आणि मध्ये तो दोनदा पाणी प्यायला उठला. अडकण्यात ‘अतिसौम्य’ असलेला माणूस या प्रश्नावलीत ‘तीव्र’च्या घरात निघाला. दोन्ही निकाल बरोबर होते.

‘आता या वयात काय फरक पडणार?’ असं जे विचारतात, त्यांना मी हेच सांगते की मोठेपणी तोतरेपणा मुळापासून जाईल असं वचन कुणी देत असेल तर तिथे पैसे भरू नका. पण कात्रजचं तिकीट मात्र सुटू शकतं.

## वेखंड, शंख, गोट्या

वेखंड मधात उगाळून जिभेला लावणं, शंख वाजवणं, तोंडात गोट्या धरून वाचणं, जिभेखालची शीर कापणं. अडचण जिभेत नाहीच, तर जिभेवर केलेल्या उपायांनी ती जाणार कशी? शीर कापण्याची शस्त्रक्रिया फक्त तोतरेपणासाठी कुणी सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तीन-चार वर्षांच्या ज्या मुलांचं ‘वेखंडाने सुटलं’, त्यांतल्या बहुतेकांचं तसंही सुटणार होतं.

## जायचं कुणाकडे?

या विषयाची स्वतंत्र चार वर्षांची पदवी आहे, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. पहिल्या भेटीत नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम चालतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि देशातली या क्षेत्रातली जुनी संस्था मैसूरची, १९६५ची. मोठ्यांसाठी स्वमदत गटही असतात, जिथे तोतरं बोलणारी माणसं एकमेकांसमोर तोतरं बोलतात आणि कुणी त्यांचं वाक्य पूर्ण करत नाही. काही जणांना आयुष्यात पहिल्यांदा ते तिथे मिळतं.

तपासणी चांगली झाली का, हे ओळखायची माझी साधी कसोटी : तुम्हाला जितकं बोलायला लावलं, त्याहून जास्त तुमचं ऐकून घेतलं का? दहा मिनिटांत परिच्छेद वाचायला देऊन ‘तीस सेशन्स लागतील’ असं सांगितलं असेल, तर ती तपासणी नव्हती.

## टक्के वाढले, मग बिघडलं का?

पद्मावतीच्या तरुणाची आठ महिन्यांनी मी फेरतपासणी केली. त्याचे टक्के दोनच्या खालून सहापर्यंत गेले होते. त्याची आई सोबत आली होती. तिने आकडा ऐकला आणि माझ्याकडे बघितलं : ‘अहो, तिप्पट झालं की!’

झालं होतं. कारण तो आता शब्दांना वळसे घालत नव्हता. जो शब्द मनात आला तोच म्हणत होता. अडला तर थांबत होता, ओठ सैल सोडत होता, आणि तोच शब्द पूर्ण करत होता. शंभर प्रश्नांच्या प्रश्नावलीतला त्याचा भार मात्र तीव्रवरून मध्यमवर आला होता. मी दोन्ही कागद आईंपुढे शेजारी शेजारी ठेवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी त्यालाच विचारलं, ‘तुला कसं वाटतंय रे?’

तो म्हणाला, ‘आज येताना प… प… पद्मावतीचं तिकीट काढलं. कंडक्टर थांबला. तीन-चार सेकंद. मग त्याने तिकीट दिलं.’